स्थूल देहांतील उपासमार

"अंगावर एवढा मेद असतांना पोषणाची उणीव असेल तरी कशी?" असा प्रश्न विदर्भांतील एका गृहस्थांनीं आम्हांस पत्रानें विचारला आहे. हे गृहस्थ एकत्र कुटुंबांत राहतात. त्यांच्या वहिनींचें वय ४७, उंची ५ फूट १ इंच आणि वजन ११२ किलो आहे. मधुमेह जडून आठ वर्षें झालीं, गुडघे जवळजवळ निकामी झाले, आणि रात्रीं झोपेंत श्वास अडकून त्या दचकून उठतात. शस्त्रवैद्यांनीं जठर लहान करण्याची शस्त्रक्रिया सुचविली व ती वहिनींस मान्यहि आहे. परंतु तत्पूर्वीं करावयाच्या रक्तपरीक्षेची जी लांबलचक यादी हातीं आली, ती पाहून घरांतील वडीलधाऱ्यांच्या कपाळास आंठ्या पडल्या. लोह, फोलेट, ब-१२, ड, कॅल्शियम, जस्त! ही यादी उपाशी पोरांसाठीं असावी. आमच्या घरीं दूधतुपाची ददात नाहीं, तेव्हां हा खर्च कशाला? आधीं शस्त्रक्रिया उरकूं द्या, मग काय तें पाहतां येईल, असें वडिलांचें म्हणणें आहे.

आमचें मत प्रथमच सांगून टाकतों. या परीक्षा शस्त्रक्रियेपूर्वींच व्हावयास पाहिजेत. आणि त्यांत कांहीं उणीव निघाली तर ती भरून काढण्यासाठीं शस्त्रक्रिया कांहीं आठवडे लांबली तरी बेहत्तर. ही यादी रुग्णालयाची धंदेवाईक युक्ति नव्हे. अमेरिकेंतील या शाखेच्या शस्त्रवैद्यांच्या संस्थेनें २०१६ सालीं आपल्या आहारविषयक सूचना सुधारून घेतल्या, त्यांत शस्त्रक्रियेस येणाऱ्या प्रत्येक रुग्णाची अशी तपासणी आधीं करावी असें स्पष्ट म्हटलें आहे. पण संस्था सांगते म्हणून माना, एवढ्यानें आमच्या वाचकांचें समाधान व्हावयाचें नाहीं, व तें होऊंहि नये. म्हणून कारणें सांगतों.

वडिलांच्या शंकेंत एक गृहीत दडलेलें आहे. मेद भरपूर म्हणजे सर्वच भरपूर, असें तें गृहीत. वस्तुतः मेद हा केवळ जळणाचा सांठा आहे. एखाद्या वाड्याच्या पडवींत लांकडें आढ्यापर्यंत रचलेलीं असावींत आणि चूल पेटवावयास काडीपेटी नसावी, पाणी भरावयास घागर नसावी, मिठाचा रांजण रिकामा असावा, अशी स्थिति देहांतहि संभवते. साखर, मैदा, तेल, फरसाण, बिस्किटें, सडलेला पांढरा तांदूळ यांतून जळण विपुल मिळतें. जीवनसत्त्वें व क्षार फार थोडे मिळतात. त्यांतच असा मनुष्य वजन उतरविण्यासाठीं वर्षानुवर्षें कांहीं ना कांहीं व्रत करीत असतो. आज भात बंद, उद्यां दूध बंद, परवां केवळ काकड्या. वजन चार महिन्यांत परत येतें. मधल्या काळांत जें झिजलें तें मात्र परत येतेंच असें नाहीं.

संस्कृताच्या अभ्यासकांस येथें चरकसंहितेची आठवण व्हावी. सूत्रस्थानाच्या २१ व्या अध्यायांत अतिस्थूल पुरुषाचें वर्णन करतांना, त्याच्या ठायीं मेदाचीच वाढ होत जाते, इतर धातूंची तशी होत नाहीं, आणि म्हणून तो दिसावयास भरदार असूनहि दुर्बल असतो, असें सांगितलें आहे. निरीक्षण मार्मिक आहे. एवढ्यावरून जीवनसत्त्वांचें ज्ञान आमच्या पूर्वजांस होतेंच, असा डांगोरा पिटण्याची आमची इच्छा नाहीं. तो छंद दुसऱ्यांनीं करावा. परंतु देहाचें आकारमान आणि देहाचें पोषण या दोन गोष्टी निराळ्या आहेत, हें ज्यांनीं जाणलें त्यांच्या वंशजांनीं तरी "खाऊन खाऊन फुगली आहे, तिला कसली उणीव!" असें स्वयंपाकघरांत बोलूं नये. वर्गांत स्थूल मुलांची थट्टा होतांना आम्हीं चाळीस वर्षें पाहिली. ती थट्टा घरींहि चालू असते, आणि तिच्यामुळेंच अशीं माणसें चारचौघांत कमी खातात, एकांतांत भलतेंसलतें खातात व वैद्याकडे उशीरां जातात.

आतां एकेका द्रव्याकडे वळूं. शस्त्रक्रियेस येणाऱ्या रुग्णांत सर्वांत वारंवार आढळणारी उणीव ड जीवनसत्त्वाची होय. तें उन्हानें त्वचेंत तयार होतें हें सर्वांस ठाऊक आहे. पण तें मेदांत विरघळणारें असल्यानें मेदाचा विस्तार जेवढा मोठा तेवढें तें त्यांत पसरून जातें व रक्तांत थोडें उरतें. बोस्टन येथील संशोधकांनीं २००० सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत स्थूल व सडपातळ अशा दोन्ही प्रकारच्या माणसांच्या अंगावर सारखेच अतिनील किरण पाडले. स्थूल माणसांच्या रक्तांत ड जीवनसत्त्वाची जी वाढ झाली ती इतरांच्या मानानें ५७ टक्क्यांनीं कमी भरली. त्वचा आपलें काम करीत होती. माल मात्र बाजारांत येण्याऐवजीं कोठारांतच अडकत होता. शिवाय गुडघे दुखतात म्हणून अशीं माणसें उन्हांत फिरतच नाहींत. ड कमी पडलें कीं अन्नांतील कॅल्शियम आंतड्यांतून नीट शोषलें जात नाहीं. मग गळ्यांतील चार चिमुकल्या परावटु ग्रंथि हाडांतून कॅल्शियम ओढून रक्ताची पातळी राखतात. म्हणून रक्तांतील कॅल्शियमचा अंक ठीक दिसला तरी हाडें सुरक्षित आहेत असें समजूं नये. ४७ वर्षांच्या, ऋतुनिवृत्तीच्या उंबरठ्यावर असलेल्या स्त्रीच्या बाबतींत तर मुळींच नाहीं.

लोहाची गोष्ट याहून चमत्कारिक आहे. यकृतांत हेप्सिडिन नांवाचें एक संप्रेरक तयार होतें. शरीरांत कोठें दाह सुरू झाला कीं तें वाढतें आणि आंतड्यांतून रक्तांत शिरणाऱ्या लोहाची वाट रोखून धरतें. अतिरिक्त मेद हा निमूटपणें पडून राहणारा सांठा नसून त्यांत एक मंद दाह सतत धुमसत असतो. त्यामुळें हेप्सिडिन वाढतें, आणि पानांत पालेभाजी वाढूनहि तींतील लोह पदरांत पडत नाहीं. येथें आणखी एक फसगत होते. लोहाचा सांठा ओळखण्यासाठीं फेरिटिन मोजतात. पण दाह असतांना फेरिटिनहि आपोआप चढतें. म्हणजे कोठार अर्धें रिकामें, आणि हिशेबाच्या वहींत तें भरलेलें! यासाठीं केवळ फेरिटिनवर न विसंबतां हिमोग्लोबिन, रक्तांतील लोहाची संपृक्तता व दाहाचा अंक हीं सर्व एकत्र पाहावीं लागतात. यादी लांबते ती अशी. वहिनींच्या वयांत पाळीचा रक्तस्राव पुष्कळदां वाढलेला असतो, व संकोचामुळें ही गोष्ट डॉक्टरांस सांगितली जात नाहीं. ती अवश्य सांगावी.

ब-१२ चा प्रश्न आमच्या वाचकांच्या घरांशीं विशेष निगडित आहे. हें द्रव्य वनस्पतींत नाहीं. मांस, मासे, अंडीं व दूध यांतूनच तें मिळतें. म्हणजे शाकाहारी घराची सारी भिस्त दूधदह्यावर. आणि दूध घरांत येतें खरें, पण कुणाच्या वांट्यास किती येतें? मुलांस पेलाभर, पुरुषांस ताक, व सुनेच्या वांट्यास चहांत पडेल तेवढें. तुपाचा अभिमान येथें उपयोगी नाहीं, कारण तुपांत ब-१२ जवळजवळ नसतेंच. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयांतील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांचे सहकारी यांनीं २००६ सालीं पुणें व आसपासच्या ४४१ मध्यमवयीन पुरुषांची पाहणी प्रसिद्ध केली. त्यांपैकीं ६७ टक्के लोकांत ब-१२ कमी होतें, आणि शहरी मध्यमवर्गांत तर हें प्रमाण ८१ टक्के निघालें. झोपडींतील माणसांपेक्षां सुशिक्षित, खाऊनपिऊन सुखी अशा घरांची स्थिति वाईट, हें वाचून पुष्कळांच्या भिंवया उंचावतील. याच डॉक्टरांनीं २००४ सालीं आपला व आपल्या एका इंग्रज सहकाऱ्याचा फोटो शेजारीं शेजारीं छापला होता. उंचीच्या मानानें वजनाचा अंक दोघांचाहि २२.३, पण इंग्रजाच्या देहांत मेद ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या देहांत २१.२ टक्के. डोळ्यांना दिसणाऱ्या देहावरून आंतली स्थिति ओळखतां येत नाहीं, याचा इतका बोलका पुरावा दुसरा मिळणार नाहीं. आम्हां हिंदी लोकांत मेदाचे दुष्परिणाम कमी वजनावरच सुरू होतात, म्हणून २०२२ सालच्या आंतरराष्ट्रीय सूचनांत आशियाई लोकांसाठीं शस्त्रक्रियेच्या विचाराची मर्यादाहि खालीं आणली आहे. वहिनींचा अंक ४६ च्या वर जातो. त्यांच्या बाबतींत शस्त्रक्रिया योग्य कीं अयोग्य हा प्रश्नच उरत नाहीं.

त्यांतून त्या मधुमेही आहेत. मधुमेहावर मेटफॉर्मिन नांवाचें उत्तम औषध फार वर्षें वापरांत आहे. तें दीर्घकाळ घेतल्यास ब-१२ चें शोषण घटतें. आम्लपित्तासाठीं रोज घेतल्या जाणाऱ्या गोळ्यांचाहि तोच परिणाम होतो. म्हणून औषधें मनानें बंद करावींत असें नाहीं. रक्त तपासावें, एवढेंच. हातापायांस मुंग्या येतात त्या मधुमेहामुळें असें समजून कित्येक जण स्वस्थ बसतात, आणि पुढें कळतें कीं मज्जातंतूंना ब-१२ मिळत नव्हतें.

फोलेट हें ब-१२ चेंच भावंड. त्याचा शोध लागण्यास मुंबई कारण झाली, ही गोष्ट फारशी कुणाच्या कानीं नाहीं. ल्यूसी विल्स ही इंग्रज डॉक्टर स्त्री १९२८ सालीं मुंबईस आली. कापडगिरण्यांतील गर्भवती कामकरी स्त्रियांस एक विशिष्ट प्रकारचा रक्तक्षय होई, त्याचें कारण ती शोधीत होती. यीस्टपासून केलेल्या मार्माइट नांवाच्या स्वस्त खाद्यानें तो बरा होतो असें तिला आढळलें व तिनें तें १९३१ सालीं प्रसिद्ध केलें. त्या खाद्यांतील गुणकारी द्रव्य तेंच पुढें फोलेट म्हणून ओळखलें गेलें. येथें एक सावधगिरी सांगावयास हवी. ब-१२ कमी असतांना एकटें फोलिक आम्ल भरपूर दिलें तर रक्त सुधारतें, पण मज्जातंतूंची झीज आंतल्या आंत चालूच राहते. म्हणून औषधवाल्याकडून रक्तवाढीची गोळी आणून मोकळें होऊं नये.

हें सर्व शस्त्रक्रियेनंतर पाहिलें तर काय बिघडतें? बिघडतें तें असें. हल्लीं दोन शस्त्रक्रिया विशेष प्रचारांत आहेत. एकींत जठराचा सुमारें तीनचतुर्थांशाहून अधिक भाग कापून काढून केळ्याच्या आकाराची नळी तेवढी ठेवतात. दुसरींत जठराचा वरचा लहानसा कप्पा वेगळा करून तो थेट लहान आंतड्याच्या पुढील भागास जोडतात, म्हणजे अन्न आंतड्याचा आरंभींचा भाग वगळून जातें. आतां लोह व कॅल्शियम मुख्यतः त्या आरंभींच्या भागांतच शोषलें जातें. ब-१२ शोषलें जातें आंतड्याच्या अगदीं शेवटीं. परंतु त्यासाठीं जठराच्या भित्तिकेंतून निघणारें एक द्रव्य त्यास जोडलें जावें लागतें, आणि अन्नापासून तें सुटें होण्यास आम्ल लागतें. जठर घटलें कीं दोन्ही घटतात. सारांश, उणीव भरून काढण्याचे जे नैसर्गिक मार्ग, तेच शस्त्रक्रियेनें अरुंद होतात. जो कर्ज घेऊन या मार्गाला लागला त्याची मिळकतहि त्याच दिवशीं घटली, असें समजा. शिवाय पहिले कांहीं आठवडे खाणें चमच्याचमच्यानें. आणि जखम भरून येण्यास प्रथिनें, जस्त, क जीवनसत्त्व हीं सर्व हवींच असतात. शस्त्रक्रियेच्या आधीं घेतलेल्या अंकांचा आणखी एक उपयोग असा कीं, पुढें दोन वर्षांनीं हिमोग्लोबिन उतरलें तर तें मुळचेंच कमी होतें कीं नंतर घटलें, याचा निवाडा करतां येतो.

सर्वांत भयंकर उणीव मात्र ब-१ ची, म्हणजे थायामिनची. मघां ज्या काडीपेटीचा उल्लेख केला ती हीच; कारण साखरेचें ज्वलन तिच्याशिवाय पुरें होत नाहीं. शरीरांत तिचा सांठा दोनतीन आठवड्यांपुरताच असतो. १८८१ सालीं कार्ल वेर्निके या जर्मन वैद्यानें मेंदूच्या एका घातक विकाराचें वर्णन केलें, त्यांत तीन रोगी होते. पैकीं दोघे मद्यपी पुरुष; तिसरी एक तरुण शिंपीण, जिनें गंधकाचें तीव्र आम्ल प्राशन केल्यामुळें तिच्या जठराचा खालचा दरवाजा आंवळून गेला होता व तिला सतत वांत्या होत होत्या. मद्याशीं तिचा संबंध नव्हता. तिच्या पोटांत अन्न ठरत नव्हतें, एवढेंच. आज शस्त्रक्रियेनंतर ज्या रुग्णास वांत्या थांबत नाहींत त्याच्यावर हाच प्रसंग येऊं शकतो, आणि मुळांतच सांठा तुटपुंजा असेल तर फार लवकर येतो. म्हणून घरच्या मंडळींनीं हें ध्यानांत ठेवावें: शस्त्रक्रियेनंतर वांत्या दोनतीन दिवस चालू राहिल्या, चालतांना तोल जाऊं लागला, एकाच्या दोन वस्तु दिसूं लागल्या किंवा बोलण्यांत भ्रम वाटला, तर सकाळची वाट न पाहतां रुग्णालय गांठावें आणि अशी शस्त्रक्रिया झाली आहे हें तेथें पहिल्या वाक्यांत सांगावें. शिरेंतून साखरेचें पाणी चढविण्यापूर्वीं ब-१ दिलें जाणें अगत्याचें असतें. क्रम उलटा झाला तर उरलासुरला सांठाहि संपून विकार बळावतो.

आतां घरांत काय करावें तें. शस्त्रक्रियेचा दिवस ठरला कीं आत्यामावशा बोलावूं लागतात. "आतां पुढें बिचारीला खातां यावयाचें नाहीं, एकदां पोटभर खाऊं द्या," म्हणून कोठें श्रीखंड, कोठें पुरणपोळी. हें प्रेम खरें, पण अवेळीं आहे. शस्त्रक्रियेपूर्वीं साधारण दोन आठवडे अल्पाहार सांगतात तो यकृत आटावें म्हणून. मेदानें फुगलेलें यकृत जठरावर पसरलेलें असतें व तें उचलून काम करणें शस्त्रवैद्यास अवघड जातें. त्याच पंधरवड्यांत एकादशी किंवा चतुर्थी आली तर साबूदाण्याची खिचडी करूं नये. साबूदाणा म्हणजे निव्वळ पिष्ट. त्यांत ना प्रथिन, ना लोह. व्रतस्थ व्यक्तीनें दूध, दहीं, ताक यांवर दिवस काढावा, आणि तोहि डॉक्टरांस विचारून.

तत्पूर्वींचे महिने हातीं असतील तर मोड आलेल्या मटकीमुगांची उसळ करावी, कारण धान्यकडधान्यांतील जें द्रव्य लोह व जस्त अडवून ठेवतें तें मोड आणल्यानें घटतें. पानांत लिंबाची फोड असावी. ती लोहास आंत घेते. जेवणावर लगेच चहा घेऊं नये. तो लोहास अडवितो. दूध वहिनींच्या वांट्यास पेलाभर वेगळें काढून ठेवावें, चहाच्या हिशेबांत धरूं नये. परंतु एकदां उणीव ठरली कीं ती केवळ आहारानें वेळेवर भरून निघेल अशी आशा बाळगूं नये. ब-१२ ची सुई, ड ची आठवड्याची पुडी, लोहाच्या गोळ्या किंवा शिरेंतून लोह, हे उपाय डॉक्टर ठरवतील. शेजारणीला लागू पडली ती मात्रा आपण घेऊं नये. ड व अ हीं मेदांत सांठणारीं असल्यानें त्यांचा अतिरेकहि बाधतो.

शस्त्रक्रियेनंतर या गोळ्या जन्मभराच्या होतात. त्या महिन्याच्या किराण्याच्या यादींतच लिहाव्यात, म्हणजे त्यांचा खर्च वेगळा डोळ्यांवर येत नाहीं. लोहाची व कॅल्शियमची गोळी एकत्र घेऊं नये, दोहोंत निदान दोन तासांचें अंतर ठेवावें. जठरांतील आम्ल कमी झालेलें असल्यानें कॅल्शियम सायट्रेट या स्वरूपांत घेणें सोयीचें. रक्तपरीक्षा पहिल्या वर्षीं तीन किंवा सहा महिन्यांनीं व पुढें दरवर्षीं करावी. घरांत लग्नाची मुलगी अशी शस्त्रक्रिया करून घेणार असेल तर गर्भधारणा निदान वर्ष-दीड वर्ष लांबणीवर टाकावयाची असते, ही गोष्ट दोन्ही घरांनीं आधींच बोलून ठेवावी. आणि सर्व अहवाल एका फाईलींत क्रमानें लावून ठेवावेत; ते वहिनींच्या स्वतःच्या हाताशीं असावेत, दिवाणखान्यांतील कपाटांत कुलुपाखालीं नव्हे.

नाशिकच्या एका भगिनींनीं मुलांच्या दुधाच्या दांतांविषयीं विचारलें आहे, त्याचें उत्तर पुढील अंकीं.